तिसरी गोळी

कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर अ‍ॅलर्जीची गोळी चालते का, या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांना पुढची पाने वाचावी लागणार नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी रोज स्टॅटिन घेणाऱ्या माणसाला शिंका, नाक गळणे, डोळ्यांची खाज किंवा अंगावर उठलेले पित्त यांसाठी सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांपैकी एखादी गोळी घेता येते. कोलेस्टेरॉलची गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असो की रोसुव्हास्टॅटिन, या जोड्यांचे आपसात वैर नाही. रात्रीच्या जेवणानंतर दोन्ही गोळ्या पाण्याच्या एकाच घोटाबरोबर घेतल्या तरी चालते. दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवण्याची शिस्त अनेक घरांत मोठ्या निष्ठेने पाळली जाते. या जोडीपुरती तिची गरज नाही.

मग एवढे प्रकरण कशासाठी? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पिशवीत सहसा दोनच गोळ्या नसतात म्हणून. साठीच्या पुढच्या माणसाकडे बीपीची गोळी असते, रक्त पातळ करणारी असते, कुणाकडे शुगरची असते. त्यात सर्दी आठवडाभर लांबली की अँटिबायोटिक येते, खाज थांबली नाही की बुरशीवरचे औषध येते, पोटात जळजळले की अँटासिड येते. अ‍ॅलर्जीची गोळी आणि स्टॅटिन शेजारी शेजारी गुपचूप बसलेल्या असतात आणि गोंधळ घालते ती भलतीच तिसरी. औषधांच्या इतिहासात हे एकदा फार महागात पडले आहे, आणि त्या वेळी बळी गेला होता तो अ‍ॅलर्जीच्याच एका गोळीचा.

१९८५ साली अमेरिकेत टर्फेनाडिन नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. तोवर अ‍ॅलर्जीची गोळी म्हणजे झोप, हे समीकरण ठरलेले होते. आपल्याकडची अ‍ॅव्हिल घेऊन दुपारभर जांभया देणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. टर्फेनाडिन मेंदूत फारसे शिरत नसे, त्यामुळे नाकही थांबे आणि माणूस जागाही राही. गोळी तुफान खपली. मग १९९० साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत छापून आली. सायनसच्या त्रासासाठी तिला टर्फेनाडिन आणि एक अँटिबायोटिक दिलेले होते. आठवडाभराने योनीमार्गात बुरशीचा संसर्ग झाला तेव्हा तिने आपल्या मनानेच केटोकोनाझोल सुरू केले. दोन दिवसांत तिला चक्करा येऊ लागल्या, ती बेशुद्ध पडू लागली. रुग्णालयात काढलेल्या ईसीजीत हृदयाच्या ठोक्यांची एक घातक लय दिसली. तिने कोणतीही गोळी ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेतलेली नव्हती.

घडले होते ते असे. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सीवायपी-३ए४ नावाचे एक एन्झाइम असते. त्याला जुन्या काळचा जकात नाका समजा. तोंडावाटे आलेला माल रक्ताच्या गावात शिरण्याआधी इथे अडवला जातो, त्यातला बराचसा काढून घेतला जातो आणि उरलेला आत सोडला जातो. औषध बनवणारे हे जाणून असतात. किती माल नाक्यावर जाणार हे धरूनच ते मात्रा ठरवतात. टर्फेनाडिन जवळजवळ सगळे नाक्यावरच संपे. तिथे त्याचे रूपांतर दुसऱ्या एका पदार्थात होई, आणि नाक थांबवण्याचे खरे काम तो पदार्थ करी. केटोकोनाझोलने मात्र नाकाच बंद पाडला. न बदललेले टर्फेनाडिन रक्तात जमू लागले, आणि तोवर कुणाच्या फारसे ध्यानात न आलेला त्याचा स्वभाव उघडा पडला: हृदयाच्या स्नायूतले पोटॅशियमचे मार्ग ते अडवते. एरिथ्रोमायसिन या साध्या अँटिबायोटिकनेही तोच परिणाम होतो, हे लवकरच दिसले. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टर्फेनाडिन मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि १९९८ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेले. अ‍ॅस्टेमिझोल नावाचे त्याचे भावंड १९९९ मध्ये गेले. टर्फेनाडिनचे शरीरात ज्याच्यात रूपांतर होई, तो पदार्थच त्याआधी वेगळी गोळी म्हणून आलेला होता. तेच फेक्सोफेनाडिन. नाक्याची भानगडच नको म्हणून नाक्यापलीकडचा माल थेट विकायला काढला, असे म्हणायला हरकत नाही.

आता कोलेस्टेरॉलच्या गोळीकडे येऊ. स्टॅटिनचा जन्म बुरशीतला. अकिरा एन्दो या जपानी संशोधकाने सांक्यो कंपनीत काम करताना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहाएक हजार बुरशीजन्य नमुने तपासले आणि पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिले स्टॅटिन सापडले. बाजारात आलेले पहिले स्टॅटिन मात्र लोव्हास्टॅटिन; ते दुसऱ्या बुरशीतून मिळाले आणि १९८७ साली त्याला परवानगी मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एक कडी ही औषधे रोखतात. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेते. इतके साधे आणि इतके परिणामकारक औषध हृदयरोगाच्या क्षेत्रात क्वचितच आले असेल.

पण सगळी स्टॅटिन एका वाटेने जात नाहीत, आणि या प्रकरणाची किल्ली नेमकी इथे आहे. लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन पूर्णपणे त्या नाक्याच्या भरवशावर असतात. सिम्व्हास्टॅटिनच्या गोळीतला पाच टक्क्यांहूनही कमी भाग रक्तापर्यंत पोचतो. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा साधारण १४ टक्के पोचतो, म्हणजे तेही त्याच वाटेचे. रोसुव्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन यांचा या नाक्याशी जवळपास संबंध येत नाही. आपल्या पाकिटावर यांपैकी कोणते नाव आहे हे प्रत्येक रुग्णाला पाठ असावे, असे मला वाटते. ‘कोलेस्टेरॉलची गोळी घेतो’ एवढ्याने डॉक्टरला किंवा केमिस्टला काही कळत नाही.

नाका बंद पडला की स्टॅटिनचे काय होते? रक्तातली मात्रा चढते, आणि वाढलेल्या मात्रेचा भार बहुधा स्नायूंवर पडतो. मांड्या, खांदे, पाठ दुखू लागते. खुर्चीतून उठताना, जिना चढताना जोर राहत नाही. क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातला मायोग्लोबिन हा लालसर पदार्थ रक्तात येतो आणि मूत्रपिंडात अडकून ती निकामी करू शकतो. लघवी काळ्या चहासारखी गडद होणे ही त्याची खूण. असे दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच रुग्णालय गाठायचे.

महाराष्ट्रात हे कुठे घडू शकते? माझे बोट सर्वांत आधी गजकर्णाकडे जाते. गेल्या दहाएक वर्षांत भारतभर त्वचेच्या बुरशीची एक चिवट साथ पसरली आहे. जांघेत, कमरेला, छातीखाली लाल चकंदळे उठतात, खाज अशी की चारचौघांत बसवत नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमे मेडिकलमधून सहज आणून चोपडण्याच्या सवयीने तिला खतपाणी घातले. या साथीमागच्या बुरशीला आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नावही मिळाले आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात, आणि त्या आठवडे न् आठवडे चालतात. सोबत खाजेसाठी लिव्होसेटिरिझिन. रुग्ण जर पासष्टीचा असेल आणि अँजिओप्लास्टी झालेली असेल, तर घरी रोज ४० किंवा ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असते, कारण अँजिओप्लास्टीनंतर तेवढी मात्रा देणे ही आता सर्वसाधारण पद्धत आहे.

इट्राकोनाझोल हे केटोकोनाझोलचेच भाऊबंद. नाका तेही बंद पाडते. त्याच्यामुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची रक्तातली एकूण मात्रा सुमारे तिप्पट होते. सिम्व्हास्टॅटिनची तर दहापटीहूनही अधिक, म्हणून ती जोडी साफ वर्ज्य आहे. इट्राकोनाझोल चालू असताना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, असे अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात म्हटले आहे. आता कल्पना करा. पंधरा दिवसांनी त्या माणसाचे पाय दुखू लागतात. तो संशय कोणावर घेईल? नव्याने आलेल्या, जराशी झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर. नाहीतर इंटरनेटवर बदनाम झालेल्या स्टॅटिनवर. तो यांपैकी एक बंद करतो. कॅप्सूलकडे कुणी बघतही नाही, कारण ती ‘त्वचेची’ आहे. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाची फाईल दाखवलेली नसते. गजकर्णासाठी कशाला दाखवायची, असे कुणालाही वाटेल.

यातून वाट सोपी असते. त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिनचे नाव आणि मिलिग्रॅम सांगितले, तर ते हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून काही आठवडे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कमी करू शकतात किंवा त्याऐवजी रोसुव्हास्टॅटिन देऊ शकतात, कारण इट्राकोनाझोलमुळे त्याची मात्रा किंचितच वाढते. रोसुव्हास्टॅटिनही म्हणून वाटेल तितके घ्यावे असे नाही. आशियाई वंशाच्या लोकांत, भारतीयांतही, त्याची रक्तातली पातळी गोऱ्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट दिसते आणि म्हणून ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची शिफारस आहे. काही वेळा डॉक्टर स्टॅटिन थोडे दिवस थांबवतातही. पण हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने हा निर्णय स्वतःच्या मनाने घेण्याचा नाही. आणखी एक बारकावा: इट्राकोनाझोल शरीरातून सावकाश जाते. शेवटच्या कॅप्सूलनंतरही नाका काही दिवस अर्धवटच चालू असतो.

गजकर्ण नसेल तर सायनस. अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेले, त्यात जंतुसंसर्ग झाला, की अँटिबायोटिकची पाळी येते. त्यातले क्लॅरिथ्रोमायसिन नाका बंद पाडणाऱ्यांच्या यादीत वरच्या ओळीत आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची मात्रा ते चौपटीच्या वर नेऊ शकते. त्याच घराण्यातले अ‍ॅझिथ्रोमायसिन या बाबतीत बरेच सौम्य आहे. अमोक्सिसिलिन तर या वाटेला जातच नाही. डॉक्टरांकडे निवडीला वाव असतो, फक्त त्यांना कळायला हवे की समोरचा माणूस स्टॅटिनवर आहे.

नाक्यावरून न जाणाऱ्यांची एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती मॉन्टेलुकास्टशी जोडलेली आहे. मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन यांची एकत्र गोळी आज आपल्याकडे इतकी लिहून दिली जाते की साध्या सर्दीलाही ती मिळते. स्टॅटिनशी तिचे भांडण नाही. पण मॉन्टेलुकास्ट मोडते ते प्रामुख्याने सीवायपी-२सी८ या दुसऱ्या एन्झाइमने, आणि ट्रायग्लिसराइडसाठी पूर्वी बरेच दिले जाणारे जेम्फिब्रोझिल नेमके तेच एन्झाइम अडवते. त्यामुळे मॉन्टेलुकास्टची मात्रा सुमारे साडेचारपट होते. त्याने फारसे नुकसान झाल्याचे दिसलेले नाही. हेच जेम्फिब्रोझिल सेरिव्हास्टॅटिन नावाच्या स्टॅटिनबरोबर घेतले तेव्हा मात्र माणसे दगावली. सेरिव्हास्टॅटिन ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने मागे घेतले. तोवर स्नायू फुटून झालेल्या ज्या ३१ मृत्यूंची नोंद अमेरिकेत झाली होती, त्यातल्या १२ जणांनी जेम्फिब्रोझिलही घेतलेले होते. आज स्टॅटिनला जोड द्यायचीच तर डॉक्टर बहुधा फेनोफायब्रेट देतात, आणि ते या बाबतीत पुष्कळ सुरक्षित आहे. मॉन्टेलुकास्टची काळजी करायची तर ती दुसऱ्या कारणासाठी. दुःस्वप्ने, चिडचिड, खिन्नता, आत्महत्येचे विचार असे परिणाम काहींना होतात म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी दुसरे काही लागू पडत नसेल तरच ते द्यावे असे सुचवले. चार शिंकांसाठी ते देणे मला तरी पटत नाही.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांत थोडा अपवाद आहे तो रुपाटाडिनचा. ही गोळी भारतात मिळते आणि अंगावर पित्त उठण्याच्या त्रासावर चांगली चालते. ती नाक्यावरूनच जाते. शिवाय तिच्या चाचण्यांमध्ये काही जणांच्या रक्तात सीपीके हे स्नायूंचे एन्झाइम वाढलेले आढळले होते, त्रास काहीच नसताना. स्टॅटिनबरोबर घेतल्यास धोका किती, हे माहीत नाही. जपून द्यावी, असे तिच्या युरोपातल्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिले आहे. बंदी नव्हे, सावधगिरी. पण सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनने भागत असेल तर स्टॅटिनवाल्याने रुपाटाडिनकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

नाका फक्त औषधांनीच बंद पडतो असे नाही. कॅनडातल्या लंडन या शहरी डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. गोळीची रक्तातली मात्रा अपेक्षेपेक्षा कितीतरी चढली. मद्य दोषी नव्हते, रस होता. हे निष्कर्ष १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर आले, आणि तेव्हापासून ग्रेपफ्रूट हे औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात जाऊन बसले. त्यातली फ्युरानोकुमारिन नावाची रसायने आतड्यातले एन्झाइम नुसते अडवत नाहीत, कायमचे निकामी करतात. नवे एन्झाइम तयार व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणून रस सकाळी आणि गोळी रात्री, ही युक्ती चालत नाही.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, असे कुणी म्हणेल. पण ग्रेपफ्रूट हे मुळात पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून झालेले फळ आहे, आणि फ्युरानोकुमारिन पपनसातही असतात. गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि गोव्यात पपनस घरोघरी असते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्याने प्रसादाच्या दोन फाका खाल्ल्या तर आभाळ कोसळत नाही; रोज सकाळी पेलाभर रस मात्र नको. सिम्व्हास्टॅटिन किंवा रुपाटाडिन चालू असेल तर हे फळ टाळलेलेच बरे. नागपुरी संत्री आणि मोसंबी स्टॅटिनवाल्यांनी खुशाल खावीत. गंमत अशी की फेक्सोफेनाडिनच्या बाबतीत संत्र्याचा आणि सफरचंदाचा रसही आड येतो, पण उलट दिशेने. हे रस आतड्यातून औषध आत नेणारी वाहक प्रथिने अडवतात आणि गोळी निम्मीशिम्मी वाया जाते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे.

तसेच अँटासिडचे. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळणे, आमसुलाचे सार पिणे हा आजीचा उपाय निरुपद्रवी आहे. पण बरीच मंडळी त्याबरोबर अँटासिडचे दोन चमचेही घेतात. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले अँटासिड फेक्सोफेनाडिनचे शोषण बरेच घटवते, आणि रोसुव्हास्टॅटिनचेही जवळजवळ निम्म्याने. म्हणजे एका अँटासिडने अ‍ॅलर्जीची आणि कोलेस्टेरॉलची अशा दोन्ही गोळ्या अर्ध्या फुकट. अंतर ठेवायचेच तर ते इथे: अँटासिड या गोळ्यांनंतर किमान दोन तासांनी.

आतापर्यंत अ‍ॅलर्जी ही बाहेरून आलेली आहे असे गृहीत धरले. धूळ, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी, पन्नासच्या दशकात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा नजरेस आलेले आणि मग देशभर पसरलेले गाजरगवत. पण हृदयाच्या रुग्णात आणखी एक शक्यता तपासायला हवी: अ‍ॅलर्जी वाटणारा त्रास त्याच्याच डबीतून तर येत नाही ना? रामिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्यांनी अनेकांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला सुरू होतो. तो महिनोन्‌महिने ‘अ‍ॅलर्जीचा’ म्हणून हाताळला जातो, सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात, खोकला जागच्या जागी. बीपीची गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत तो जातो. याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो. ती सूज हिस्टामिनमुळे नसते, ब्रॅडीकायनिनमुळे असते. सेटिरिझिन तिथे कामाचे नाही, आणि श्वासनलिका आवळली तर जिवावर बेतते. रोजच्या अ‍ॅस्पिरिननेही काहींच्या अंगावर गांधी उठतात, दम्याच्या काही रुग्णांची धाप वाढते. स्टॅटिनने पुरळ येणे त्यामानाने विरळ.

वय झालेल्यांना स्टॅटिनपेक्षा अ‍ॅलर्जीच्या गोळीचा स्वतःचाच त्रास जास्त होतो. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, फेनिरामिन या जुन्या गोळ्यांनी झोप तर येतेच, शिवाय तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो, कधी कधी भ्रम होतो. सर्दीच्या तयार गोळीत यांपैकी एक हमखास असते आणि जोडीला फिनाइलएफ्रिन. हे फिनाइलएफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करतच नाही, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले. तरी ते गोळीत आहेच. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्याला त्यांची मात्रा कमी लागते. नाक रोजच वाहत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकात मारायचा फवारा हा गोळीपेक्षा सरस उपाय आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून लोक दचकतात, पण तो नाकातच काम करतो, रक्तात अत्यल्प उतरतो, आणि स्टॅटिनशी त्याला देणेघेणे नाही. झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर टाकू नयेत. नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते.

स्नायूदुखीबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर वरचे सगळे वाचून कुणी स्टॅटिनच सोडून द्यायचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक सुरेख चाचणी झाली. वर्षभर त्यांनी काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून केले, आणि रोजचा त्रास फोनवर नोंदवला. २०२० मध्ये निकाल आला: स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झालेला होता. दुखणे खोटे नव्हते. त्याचे कारण गोळीतले रसायन नव्हते, एवढेच. व्हायरल तापात अंग दुखतेच आणि तेव्हाच अ‍ॅलर्जीची गोळीही चालू असते. अशा वेळी शंका आली तर सीपीकेची तपासणी करून घ्यावी. ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दहापट झाले तर स्टॅटिन लगेच थांबवतात. थोडेसे वाढलेले असेल तर घाबरण्यासारखे काही नसते. सर्दीत दोन दिवस स्टॅटिन चुकले तरी बिघडत नाही. बिघडते ते, त्या दोन दिवसांचे दोन महिने होतात तेव्हा.

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांना हा विषय एप्रिल-मेमध्ये हटकून भेटतो. तिथे त्या दिवसांत ओकच्या परागकणांनी मोटारींवर पिवळी पूड साचते आणि भारतात कधी न शिंकलेला माणूस दिवसाला वीस रुमाल काढतो. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन तिथे फळीवरून उचलून घेता येतात आणि स्टॅटिनबरोबर चालतात. नावापुढे ‘डी’ अक्षर असलेल्या गोळ्यांत मात्र स्युडोएफेड्रिन असते. ते बीपी आणि नाडी वाढवते, म्हणून हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ती गोळी ओळखपत्र दाखवल्याशिवाय मिळत नाही, पण त्याचे कारण हृदय नव्हे. तिच्यापासून घरगुती भट्टीत मेथॅम्फेटामिन हे मादक द्रव्य बनवतात म्हणून २००६ पासून ती काउंटरच्या मागे गेली. बेनाड्रिल हे नाव ओळखीचे वाटेल. भारतात ते खोकल्याचे सिरप, अमेरिकेत झोप आणणारी डायफेनहायड्रामिनची गोळी, आणि इंग्लंडमध्ये त्याच नावाच्या एका पाकिटात सेटिरिझिन असते. आणि सर्दीच्या अमेरिकी गोळीवर अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेले असले तर ते आपले पॅरासिटामॉलच. सोबत नेलेली क्रोसिन तिच्यावर आणखी घेतली की तेच औषध दुप्पट होते. निरोगी प्रौढालाही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही, आणि त्यापुढे इजा होते ती यकृताला. ते स्टॅटिनने बिघडले, असे मग घरी परतल्यावर सांगितले जाते.